कोपरावरची खूण

मला माणसं चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत. लग्नाकार्यात याची फार पंचाईत होते. एखादी बाई "ओळखलं का?" म्हणत हसत समोर उभी राहते आणि मी तिच्या बाहीकडे बघत बसते. जवळजवळ सगळं आयुष्य रक्तपेढीत काढल्यावर नजर आपोआप तिथेच जाते, कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे शीर सापडते. कोणाची शीर दोरीसारखी वर आलेली असते, कोणाची खोल दडून बसलेली, तर कोणाची सुई पाहताच बाजूला सरकणारी. मी पूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगायची, मला हात दाखवा, माणूस कसा आहे ते सांगते.

आता सांगत नाही. इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, रक्तपेढीतल्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतात." गमती आहेत, आणि एक-दोन सांगणारही आहे. पण त्यांच्या मागे एक गोष्ट दबा धरून बसली आहे. ती टाळून नुसत्या गमती लिहिल्या तर मला माझाच राग येईल. आधीच मला राग फार लवकर येतो, हे माझ्याबरोबर काम केलेले सगळे सांगतील.

आमची पेढी रायपुरातली एक धर्मादाय पेढी. नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती. माझे वडील रेल्वेत, वर्ध्याकडून बदली होऊन इकडे आले आणि इथलेच झाले. मी लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला आणि या पेढीत चिकटले, ते निवृत्त होईपर्यंत.

बाहेरच्या माणसाला आमचं काम गूढ वाटतं. तसं काही नाही. माणूस येतो, त्याचं वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन बघायचं, चार प्रश्न विचारायचे, खुर्चीवर आडवं करून एक पिशवी रक्त घ्यायचं आणि वर बिस्किटं-सरबत द्यायचं. मग त्या रक्ताच्या तपासण्या होतात आणि पिशवी फ्रीजमध्ये जाते. महिना-सव्वा महिना टिकते, नंतर फेकावी लागते. म्हणजे हा साठा लोणच्यासारखा एकदा घालून वर्षभर पुरत नाही. दुधासारखा रोज आणावा लागतो, आणि रक्त देणारी गाय अजून कोणी शोधून काढलेली नाही. ते माणसाच्याच हातातून यावं लागतं.

देणारे तीन प्रकारचे. पहिला, कोणी न बोलावता स्वतःहून येणारा. दुसरा, बदली दाता. तुमच्या पेशंटला रक्त हवं तर तुमच्या घरचा कोणीतरी आमच्याकडे देतो, म्हणजे नेलेल्या पिशवीच्या जागी दुसरी येते. बदलीसाठी कोणाला अडवू नये असं सरकार केव्हापासून सांगत आलं आहे, पण फ्रीज रिकामा पडायला लागला की सगळेच अडवतात. आणि तिसरा, विकणारा. हे कायद्याने बंद आहे, पण तो बदली दात्याच्या वेषात येतो. आम्ही त्याला आपसांत 'भाचा' म्हणायचो, कारण नातं विचारलं की बहुतेक जण पेशंटचे भाचेच निघायचे.

विकणाऱ्याचं रक्त का नको, असं लोक मला विचारायचे; रक्त ते रक्तच ना? पण पैशासाठी देणारा खरं सांगत नाही. कावीळ झाली होती का, सुईची नशा करतो का, मागच्या महिन्यात कुठे दिलं का, सगळ्याला तो नाहीच म्हणणार. तपासण्या असतात, पण नुकताच अंगात शिरलेला रोग काही दिवस तपासणीत सापडत नाही. तेवढ्या दिवसांपुरतं आम्हाला देणाऱ्याच्या शब्दावर चालावं लागतं. फुकट देणाऱ्याला खोटं बोलायचं कारणच नसतं, म्हणून त्याचं रक्त जास्त भरवशाचं.

या भाच्यांना पकडण्यात माझा हातखंडा होता. एकदा एक जण आला, गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट. मी बाही वर करायला सांगितली. कोपराच्या आत जाड सुईची दोन ताजी भोकं आणि एक सुकत आलेलं. पंधरा दिवसांपूर्वी हाच हात मी दुसऱ्या एका मामाच्या नावावर पाहिला होता. मी शांतपणे विचारलं, "भैया, आपके कुल कितने मामा हैं?" तो असा पळाला की एक चप्पल तिथेच राहिली. ती चप्पल आम्ही वर्षानुवर्षं काउंटरखाली ठेवली होती. कोणी नवीन टेक्निशियन लागली की तिला ती दाखवून मी माझी कर्तबगारी ऐकवायची.

दुसरी गंमत गोल बाजारातल्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याची. धिप्पाड माणूस, मिशा अशा की समोरच्याचं रक्त त्या बघूनच आटावं. शिबिराचं उद्घाटन त्यांच्या हस्ते होतं. फीत कापली, भाषण ठोकलं, "मैं सबसे पहले दूँगा" म्हणून खुर्चीवर जाऊन पडले. हिमोग्लोबिन बघायला मी बोटाला नुसती टोचणी लावली तर डोळे पांढरे करून थेट माझ्या अंगावर! सात जणांनी उचललं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "हो गया क्या?" मी हो म्हटलं. तेवढं खोटं मी बोलले, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

आणि एक होते फिटरभाऊ.

मी नोकरीला लागले त्या पहिल्या महिन्यात ते आले. शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर होते, जवळच बीरगावला राहायचे, रविवारी सकाळी तिथून सायकल मारत यायचे. नखांत ग्रीस, काळेभोर केस, तोंडात वऱ्हाडी बोली. माझा हात नवखा होता, थरथरत होता. पहिल्यांदा शीर चुकली. दुसऱ्यांदाही चुकली. मी रडकुंडीला आले, तर ते म्हणाले, "घ्या ताई आरामानं. हात काही पळून नाही राहिला." तिसऱ्यांदा सापडली. त्यानंतर दर तीन महिन्यांनी ते यायचे, खिडकीजवळच्या खुर्चीवरच बसायचे आणि बाही सारून म्हणायचे, "जुन्याच ठिकाणी टोचा, रस्ता तयार हाय." मीही तिथेच टोचायची. कितीतरी वर्षं हे चाललं. नाव रजिस्टरमध्ये असणारच, पण मी कधी वाचलं नाही. ते मला ताई म्हणायचे आणि मी त्यांना फिटरभाऊ. पुढे माझी बढती झाली, मी दात्यांचं रक्त घेण्याच्या खोलीतून पेशंटसाठी पिशव्या देण्याच्या काउंटरवर आले, आणि ते माझ्या नजरेआड झाले.

बढतीबरोबर शिबिरांतली भाषणं माझ्याकडे आली. कॉलेजात, कारखान्यांत, पुरानी बस्तीतल्या देवळाच्या सभामंडपात, गणपतीत आपल्या मंडळात. भाषणाचा शेवट ठरलेला असायचा: "आज तुमचं रक्त कोणाच्या तरी घरी जाईल, उद्या कोणाचं तरी तुमच्या घरी येईल. हा माझा शब्द आहे." यावर टाळ्या पडायच्या. शब्द खुशाल द्यायची मी. फ्रीजची किल्ली माझ्याच कमरेला होती.

या वर्षांत एक गोष्ट हळूहळू बदलत गेली, ती मात्र मी नीट बघितली नाही. पूर्वी गावाकडून एक पेशंट आला की मागे अख्खा पारा, म्हणजे आपला मोहल्ला, ट्रॅक्टरमध्ये बसून यायचा. बदलीला दोन माणसं मागितली तर दहा हात पुढे व्हायचे. आता एका म्हाताऱ्याबरोबर दुसरा म्हातारा येतो. मोडलेला खुबा, कॅन्सर, हृदयाचं ऑपरेशन, रक्त लागणारे बहुतेक साठीच्या पुढचे. देणारे तरुण, आणि ते पुण्याला, बंगळुरूला, हैदराबादला. आमच्या नेहमीच्या दात्यांच्या यादीतून दरवर्षी मीच पासष्ट ओलांडलेल्यांची नावं काढायची, कारण त्यापुढे रक्त घेत नाहीत. यादी आखडत गेली आणि माझा बदलीचा आग्रह तेवढाच वाढत गेला. लोकांना मी कंजूष वाटत असेन. मला वाटायचं, मी साठा सांभाळते आहे.

माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती, तेव्हाची गोष्ट. मे महिना. कॉलेजं बंद, लग्नसराई, शिबिरं नाहीत. फ्रीजमध्ये बी पॉझिटिव्हच्या चारच पिशव्या. हा काही दुर्मीळ गट नाही, बाजारात कांदे-बटाटे मिळावेत तसा मिळणारा, पण मे महिन्यात कांदेही रुसतात. त्या चार मी अडीअडचणीला म्हणून राखून ठेवल्या होत्या.

मंगळवारी सकाळी एक म्हातारा काउंटरवर आला. वाळलेला, पांढरी खुंटं वाढलेली, मोतीबिंदूनंतरचा जाड चष्मा, उन्हासाठी डोक्याला गमछा. हातात इस्पितळाचा फॉर्म आणि रक्ताच्या नमुन्याची बाटली. फॉर्मवर नाव शकुंतला तिजारे, वय चौसष्ट, खुब्याचं हाड मोडलं, बी पॉझिटिव्ह, दोन पिशव्या.

"बायको हाय माही," ते म्हणाले. "न्हाणीत पाय घसरला. डॉक्टर म्हनते, रक्त आनलं की लगेच ऑपरेशन करतो."

"बदली कोण देईल, काका?"

"म्हंजे?"

"दोन पिशव्या न्यायच्या तर दोन माणसं आणा लागतात. मुलगा, जावई, कोणीही."

"पोट्टा पुण्याले हाय, त्याले सुट्टी नाही भेटून राहिली. पोट्टी भंडाऱ्याले देली, ते बाळंतीण हाय."

"मग पाऱ्यातलं कोणी आणा."

ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. गयावया करायचा विचार असेल असं मला वाटलं आणि मी फॉर्मवर मान खाली घातली.

"मीच देलं तं?"

"वय?"

"अडुसष्ट."

"पासष्टच्या वर चालत नाही. नियम आहे. माणसं आणा, मग पाहू."

त्यांनी डोक्यावरचा गमछा नीट केला. मग नुसतं "हव" म्हणाले आणि निघून गेले. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री ऊन होतं.

बुधवारी दुपारी ते एका तिशीतल्या माणसाला घेऊन आले. शेजारी, रोलिंग मिलमध्ये कामाला, आज पाळी सोडून आलेला. मी त्याची बाही वर केली. कोपराच्या आत दोन सुयांच्या खुणा आणि बाजूला काळंनिळं पडलेलं. बस! माझ्यातला पोलीस जागा झाला.

"कितने में आए हो, भैया?" मी विचारलं. हळू बोलणं मला जमत नाही. हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या.

"दीदी, पिछले हफ्ते दस्त लगे थे, बोतल चढ़ी थी."

"सबको बोतल ही चढ़ती है. निकलो यहाँ से."

म्हातारा मधे पडला. "ताई, तो तसा नाही. माह्या घरच्यावानी पोरगा हाय. काल रात्री मी त्याले हात जोडले तेव्हा..."

"काका, मले शिकवू नका. इतकी वर्षं झाली, मी हात ओळखते."

त्या शेजाऱ्याचा चेहरा लाल झाला. तो तडक बाहेर पडला आणि म्हातारा त्याच्या मागे धावला. सलाईन लागून आठवडाच झालेल्या माणसाचं रक्त नियमाने घेता आलंच नसतं, पण ते दोन वाक्यांत नीट सांगता आलं असतं. मी तर संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला मोठ्या फुशारकीने सांगितलं की आज आणखी एक भाचा पकडला.

गुरुवारी म्हातारा काउंटरवर आलाच नाही. आतल्या खोलीतून आमच्या सुनीताची हाक ऐकू आली. सुनीता नवी टेक्निशियन, इथलीच छत्तीसगढी मुलगी, चुणचुणीत. "दीदी, जल्दी आइए, ये दादाजी मान नहीं रहे."

मी गेले. ते खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले होते आणि पूर्ण बाहीच्या सदऱ्याचं बटण काढून बाही वर सारत होते.

"माह्यंच घ्या," ते म्हणाले. "पासष्ट लिवा ना कागदावर. हाडं मजबूत हायेत अजून."

आणि मला त्यांचं कोपर दिसलं. आतल्या बाजूला, शिरेवर, कणकेत बोट दाबल्यासारखा खळगा. कातडी पांढुरकी, निबर झालेली. जाड सुई एकाच जागी वर्षानुवर्षं जात राहिली की असा खळगा पडतो. एक-दोनदा देऊन पडत नाही.

मी काय म्हणाले ते इथे जसंच्या तसं लिहिते. मी म्हणाले, "अच्छा! म्हणजे कालचा तो तुमच्याच धंद्यातला. तुम्ही किती वर्षं विकलं, काका?"

सुनीता माझ्याकडे बघतच राहिली. ते रागावले नाहीत. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या कोपराकडे, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "ताई, हे तं तुमच्याच हातचं हाय."

मला काही कळेना.

"जुन्याच ठिकाणी टोचा म्हनत होतो ना मी," ते म्हणाले. "रस्ता तयार हाय म्हनून."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते का म्हणतात, हे मला त्या खोलीत कळलं. मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. चष्म्यामागे, खुंटांमागे, हळूहळू तो फिटर दिसायला लागला. ज्याने माझी थरथर सोसली, ज्याच्या हातावर मी हे काम शिकले. तो हात मी तीन दिवसांत दोनदा परत पाठवला होता आणि तिसऱ्यांदा त्याला चोर ठरवलं होतं.

"फिटरभाऊ, सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"काय सांगू? मले वाटलं तुम्ही वळखान. नाही वळखलं तं म्हटलं जाऊ द्या, मानूस मोठा झाला की इसरते. आन सांगितलं असतं तं मागितल्यावानी झालं असतं. देलेलं कोनी बोलून दाखवते का?"

"तुमचं दात्याचं कार्ड? त्यावर बदलीशिवाय मिळालं असतं."

"डब्यात हायेत सगळे. पन ते एकच वर्ष चालते असं त्याच्यावर लिवलं राहते. माहं शेवटचं होऊन तीन वर्षं झाली. तुमच्या पेढीतल्याच पोरीनं सांगितलं, काका आता वय झालं, येऊ नका."

मी उठले, फ्रीज उघडला आणि दोन पिशव्या काढल्या. त्यांच्या बायकोचा नमुना मंगळवारपासून आमच्याकडे होताच. रक्त जुळवून बघायला तासभर लागला. मंगळवारीही तासभरच लागला असता. पिशव्या तेव्हाही तिथेच होत्या, त्याच कप्प्यात. त्या मी कोणासाठी राखल्या होत्या, हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

ऑपरेशन मंगळवारचं शुक्रवारी झालं. म्हातारपणी खुबा मोडला की पडून राहिलेला एकेक दिवस महागात जातो, असं तिथल्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं. काकूंच्या पाठीला जखम झाली होती, छातीत कफ भरला होता. आठ दिवस त्या जातात की राहतात अशी अवस्था होती. राहिल्या. आज वॉकर घेऊन घरात फिरतात, पण पाठीची ती जखम भरायला दिवाळी उजाडली. ती नुसत्या मोडलेल्या हाडाची नव्हती. तिच्यातले तीन दिवस माझे होते.

मी त्यांना इस्पितळात बघायला गेले. फिटरभाऊंनी माझी ओळख करून दिली, "ह्या रक्तपेढीतल्या ताई. ह्यांनीच देलं रक्त." बाकी काही सांगितलं नाही. काकूंनी माझा हात धरला. त्यांना बोलताना धाप लागत होती. म्हणाल्या, "हे नेहमी म्हनत, शकू, कधी आजारी पडलो तं भेव नाही. आपलं आधीच तिथं देऊन ठेवलं हाय. एक बाई हाय तिथं, तिनं शब्द देला हाय." मी त्यांच्या उशाशी नेलेली संत्री ठेवली आणि निघाले. जिन्यात थांबून रडले. रडण्याने कोणाची जखम भरत नाही, तरी रडले.

मग त्या शेजाऱ्याची माफी मागायला बीरगावला गेले. त्याची बायको दारात आली, "वो ड्यूटी गए हैं." दाराशी त्याच्या चपला होत्या. मी पायरीवर मिठाईचा पुडा ठेवला आणि परतले. आमच्या काउंटरखालची ती जुनी चप्पल मी दुसऱ्याच दिवशी फेकून दिली.

शिबिरांना मी नंतरही गेले, पण 'हा माझा शब्द आहे' हे वाक्य पुन्हा तोंडातून निघालं नाही. वाचकहो, तुम्हाला एक विनंती करते, ती हक्काने नाही. तुमची मुलं पुण्याला, बंगळुरूला असतील. त्यांना म्हणावं, आपल्या आईबापाची वेळ येईपर्यंत थांबू नका, तिथल्याच पेढीत जाऊन द्या. तिथेही कोणाचा तरी बाप काउंटरवर एकटा आलेला असतो. फ्रीज आधीच भरलेला असला, तर त्याला बदलीसाठी उन्हात पाठवायची माझ्यासारखीला सबब उरत नाही.

एवढं लिहून मी लेख संपवला होता. नवऱ्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, चांगला झाला, पाठवून दे. दोन दिवस कागद टेबलावर पडून होता. त्यात गुरुवारच्या त्या तासाचं काही लिहिलेलं नाही, हे मला माहीत होतं.

रक्त जुळवायला ठेवून मी आतल्या खोलीत परत गेले होते. फिटरभाऊ अजून बाही वर करूनच बसले होते. म्हणाले, "ताई, पन बदली? नियम तं नियम हाय. तुमचा फ्रीज रिकामा होईन." तेव्हा माझ्या डोक्यात आलं. त्या तीन दिवसांत एकदाही आलं नव्हतं. माझाही गट बी पॉझिटिव्ह आहे. पासष्टी अजून दूर होती, रक्तदाब बरा होता, हिमोग्लोबिन चांगलं होतं. त्या माणसाला मी गावभर फिरवत होते आणि काउंटरच्या अलीकडे, माझ्याच बाहीखाली, तेच रक्त होतं.

"बदली माझी," मी म्हणाले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आडवी झाले.

सुनीताने दंडाला पट्टा बांधला आणि कोपरावर बोट फिरवत शीर शोधायला लागली. मीच तिला शिकवलं होतं, आधी जुनी खूण बघायची. तिने बघितली. दिवा जवळ ओढून पुन्हा बघितली. मग तिच्या तोंडून निघून गेलं, "दीदी, आपका तो एकदम कोरा है. आपने कभी दिया नहीं क्या?"

खरं उत्तर अगदी सोपं होतं. नोकरीला लागले तेव्हा माझं वजन कमी होतं, मग हिमोग्लोबिन कमी होतं, मग बाळंतपणं झाली, मग शिबिराची गडबड असायची. नंतर नंतर कोणी विचारेनासं झालं. इतकं तळमळीने बोलणारी बाई स्वतः देतच असणार, असं सगळे धरून चालले आणि मी त्यांना तसं चालू दिलं. मी छताकडे बघत पडून राहिले. 

फिटरभाऊंनी स्वतःची बाही खाली ओढून बटण लावलं आणि सुनीताला म्हणाले, "अवं बाई, दुसऱ्या हातानं देत असतीन त्या."

सुनीता हसली आणि तिने सुई घातली. मी काहीच बोलले नाही. त्यांनी मला दिलेलं ते पांघरूण मी इतके दिवस अंगावर ओढून बसले आहे.

माझा दुसरा हातही कोराच होता.